येडूमामांचा डावा पाय

ब्रेकचं पेडल दाबलं की दाब चारही चाकांना एकाच वेळी पोचतो. पाय कुणाचाही असो, आमदाराचा असो नाहीतर चोराचा, चाकाचाकांत दुजाभाव होत नाही. ड्रायव्हर दिवसभर पेडलवर पाय ठेवून बसला, तर चारही चाकांचे ब्रेक झिजतील. बाकी कुणाला धक्का न लावता पुढच्या डाव्या चाकाचा, त्यातही आतल्या बाजूचा एकच पॅड झिजवणारा पाय अजून कुणाला फुटलेला नाही. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी पहिल्या वर्षाला पास झालेला आहे.

म्हणजे त्या दिवशी मी जे बोललो ते अडाणीपणानं बोललो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझी बाजू घ्यायला कुठं जागा सापडत नाही.

आमचं गॅरेज सोलापुरात सात रस्ता चौकाच्या मागं आहे. पत्र्यावर 'वीरेश मोटर्स' लिहिलंय, वीरेश म्हणजे मी. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाटी रंगवून घेतली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो, त्यामुळं मोठेपणी काय व्हायचं हा प्रश्न मला कधी पडला नाही. गिऱ्हाइकं येतात ती दोन गोष्टींसाठी, ब्रेकचं काम आणि माझं तोंड. कुठली गोष्ट जास्त चालते ते विचारू नका. विनोद करताना माझा चेहरा हलत नाही. अप्पा म्हणायचे, हे पोरगं मयताला गेलं तर चांगलं दिसेल, तोंड उघडेपर्यंत.

शिवयोगी आण्णा आमचं जुनं गिऱ्हाईक. राहायला जुळे सोलापुरात, तुरीचा व्यापार दुधनीला. रोज सकाळी पांढऱ्या गाडीतून दुधनी, संध्याकाळी परत. गाडी चालवायला येडूमामा. मामा धनगर, दुधनीच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे. बायको म्हाळसाबाई वस्तीवर मेंढरं बघायची, मामा आण्णांच्या बंगल्यामागच्या खोलीत राहायचे. एकतीस वर्षं स्टेअरिंग हातात आणि गाडीला ओरखडा नाही. ओरखडा नाही म्हणजे गुळगुळीत, मी स्वतः हात फिरवून बघितलंय. रस्त्यात मेंढरं आली की मामा गाडी थांबवायचे, इंजिन बंद करायचे आणि शेवटचं कोकरू पलीकडं जाईस्तोवर हात जोडल्यासारखे बसून राहायचे.

आण्णा मागून ओरडायचे, "अरे हॉर्न मार की!"

"मेंढराला हारन कळत न्हाय आण्णा," मामा म्हणायचे. "माणसालाबी कळत न्हाय, पर माणूस दचकतंय तरी."

दर अवसेला मामा गाडी धुऊन नारळ फोडायचे, चाकांखाली लिंबं ठेवायचे. हे सगळेच करतात. मामांचं वेगळं इतकंच की बिरोबाचा भंडारा ते फक्त पुढच्या डाव्या चाकाला लावायचे. मी एकदा विचारलं, बाकीच्या तीन चाकांनी काय पाप केलंय?

"रस्त्याच्या कडंचं चाक हाय ते," मामा म्हणाले. "मेंढरू डावीकडनं येतंय, पोर डावीकडनं येतंय, खड्डाबी डावीकडंच. उजवीकडं म्या बसलोय की. डावीकडं देव बसू दे."

मी पाना उचलला आणि पुढच्या गाडीखाली शिरलो.

गेल्या एप्रिलमध्ये गाडी पहिल्यांदा आली. डावं पुढचं चाक घासतंय, हात लावला तर चटका बसतोय. उघडलं तर आतला पॅड पार संपून लोखंड लोखंडाला भिडलेलं, बाहेरचा मात्र जवळजवळ नवा. चाकाबरोबर फिरणाऱ्या एका डिस्कला दोन्हीकडून घासणारे दोन पॅड म्हणजे एका ताटात जेवणारे दोघे भाऊ. एक उपाशी आणि एक पोट फुटेस्तोवर जेवलेला असेल तर ताटाकडं नाही, वाढणाऱ्याकडं बघायचं असतं. वाढणारा म्हणजे कॅलिपर, डिस्कला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारा लोखंडी पंजा. हा पंजा दोन पिनांवर पुढंमागं सरकतो. पिन अडकली की पंजा सरकत नाही, आणि सगळा मार एकट्या आतल्या पॅडला बसतो. तेव्हा पिना काढून बघायच्या. पाच मिनिटांचं काम.

मी नवे पॅड घातले. पिना बघितल्या नाहीत. दारात दुसरी गाडी उभी होती. दारात दुसरी गाडी नेहमीच उभी असते, त्यामुळं हे कारण मी कधीही वापरू शकतो आणि वापरतो.

जुलैत गाडी परत आली. तेच चाक, तोच पॅड.

त्या दिवशी आण्णांबरोबर बाजारातले तीन व्यापारी होते, शेजारचा युवराज पानवाला होता, चहा होता. मी चारही पॅड वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले, उजव्या चाकाचे दोन अगदी सारखे, डाव्याचे दोन एकमेकांना ओळखसुद्धा न दाखवणारे. सगळे भोवती वाकून बघत होते.

"याको वीरेशा," आण्णा कानडीत म्हणाले, "का रे, तीन महिन्यांत परत? गाडीचं चाक आहे का उंदराचं तोंड?"

माझं लक्ष पिनांकडं जायला हवं होतं. ते माणसांकडं गेलं. सहा माणसं, सगळी माझ्या तोंडाकडं बघणारी. अशी सभा बघितली की मला वाक्य येतं, शिंक यावी तसं.

"आण्णा, चूक चाकाची नाही," मी गंभीरपणे म्हणालो. "मामा उजव्या पायानं गाडी चालवतात आणि डाव्या पायानं तीच गाडी थांबवतात. दोन्ही एकाच वेळी. डावा पाय, डावं चाक. बघा की."

डाव्या पायाचा डाव्या चाकाशी संबंध असणं कानाला इतकं बरोबर लागतं की ते खोटं असेल असं वाटतच नाही. एक व्यापारी चहा नाकातून प्यायला. युवराज म्हणाला, "म्हणजे आण्णा, तुम्ही रोज दुधनीला पोचता ही मामांच्या उजव्या पायाची कमाई हाय!" आण्णा पोट धरून हसले.

मामा गाडीच्या दाराशी उभे होते. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि आपल्या डाव्या पायाकडं बघितलं. घरातल्या माणसाबद्दल बाहेरून काही ऐकल्यावर बघावं तसं.

मी ते बघितलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं की मामा, गंमत केली. पण हशा अजून चालू होता आणि स्वतःच्या हशात स्वतः व्यत्यय आणणारा माणूस मी नाही. नवे पॅड घातले, चाक बसवलं, नट आवळले.

आठवड्यानं आण्णांनी मामांना रजा दिली. वाईट वागून नाही. शाल दिली, नारळ दिला, म्हणाले, "येडू, वय झालं, पाय ऐकत नाही, उद्या कुणाला लागलं तर तुलाच झोप यायची नाही." तो नारळ मामांनी तिथंच गाडीपुढं फोडला, डाव्या चाकाला पाणी शिंपडलं आणि एसटीनं वस्तीवर गेले. हे मला युवराजनं सांगितलं. त्यानं ते विनोदी करून सांगितलं. मी हसलोसुद्धा, थोडं.

ऑक्टोबरात गाडी तिसऱ्यांदा आली. चालवत आली आण्णांची मुलगी दानेश्वरी. बँकेत अधिकारी आहे आणि समोरच्याचं कर्ज नामंजूर करताना बघावं तशी बघते.

"मामांचा पाय गेला," तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली, "तरी चाक खातंच आहे. माझा डावा पाय क्लचवर असतो. पाहिजे तर शेजारी बसून बघ. आता कुणाचा पाय म्हणतोस?"

मी गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं. आतला पॅड संपलेला. यावेळी कॅलिपर उतरवला आणि पिनांना हात घातला. वरची पिन लोण्यासारखी निघाली. खालची हलेना. तिच्यावरची रबरी टोपी फुगून, चिरून गेली होती. तापवली, ठोकली, फिरवली, शेवटी ओरडत बाहेर आली.

गंज नव्हता. पिन पिवळी होती. तिच्यावर जाड, चिवट, काचेसारखा चकचकीत थर होता. आणि वास येत होता. मी नाकाजवळ नेली. दानेश्वरीनंही वास घेतला.

"फोडणी?" ती म्हणाली.

फोडणीच होती. तेल आणि हळद. चाकाच्या उष्णतेवर महिनोन्‌महिने आटत आटत त्याचं वार्निश झालं होतं. करडईचं तेल असंच करतं, पातळ राहात नाही, तापलं की चिकटून बसतं. करडई. मी पिन हातात धरून बसलो आणि मला ते आठवलं.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी एका टेम्पोखाली आडवा होतो. बाहेर मामांच्या चपला येऊन थांबल्या. मामा म्हणाले, "मिस्तरी, डावं चाक जरा कुंईकुंई करतंय. काय घालावं?" मी टेम्पोखालून म्हणालो, "मामा, अवसेला त्या रबराच्या टोपीत बोटभर करडईचं तेल घाला आणि वर चिमूटभर भंडारा. देव गप्प राहतो, चाकही गप्प राहील."

माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता. दिसला असता तरी उपयोग नव्हता, तो हलत नाही. मामा म्हणाले, "बरं," आणि चपला गेल्या.

मी विसरलो. मामा विसरले नाहीत. दर अवसेला स्टेअरिंग पूर्ण वळवून, चाकाच्या मागं हात घालून, टोपीचं तोंड उघडून त्यांनी तेल घातलं.

"काय झालं?" दानेश्वरीनं विचारलं.

"दोष सापडला," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात सरळ वाक्य असावं.

रविवारी मी मोटरसायकल काढली आणि पिन, दोन्ही पॅड रुमालात बांधून मामांच्या वस्तीवर गेलो. म्हाळसाबाई मेंढरं घेऊन रानात गेल्या होत्या. मामा दारात बसले होते, कोकराला पाला चारत. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी.

"या मिस्तरी. चप्पल तुटली न्हाय," माझी नजर बघून ते म्हणाले. "मुद्दाम काडून ठेवली. भुई लागती मग, कळतंय पाय कुटं हाय त्यो."

"मामा—"

"एकतीस वरीस चालिवली. मला कदी वाटलं न्हाय पाय ब्रेकवर जातोय. पर ज्याचं त्याला कळत न्हाय की. मिस्तरी म्हंतोय म्हंजे जात आसल. आता ह्याला इचारल्याबिगर मी उटत न्हाय, बसत न्हाय. म्हाळसा रोज सांजच्याला पाय चोळती. करडईचं तेल लावून."

करडईचं तेल हे ऐकून मला हसू आलं असं मी लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवाल, म्हणून लिहितो की आलं नाही.

मी रुमाल सोडला. पॅड दाखवले, हा आतला, हा बाहेरचा. पायानं असं होत नाही, पाय दाबला तर चारही चाकं झिजतात, तुमचा पाय कधीच ब्रेकवर नव्हता, हे सगळं सांगितलं. मामा पहिलीतल्या पोरासारखं ऐकत होते. पॅडवर बोट फिरवून बघत होते.

"मग तवा तसं का म्हनलास?"

"गंमत केली."

"हां." त्यांनी कोकराच्या पाठीवरून हात फिरवला. "मग झिजलं कशानं?"

मी पिन पुढं केली. इथं माझ्यापुढं एक सोपा शब्द होता, गंज. गंज म्हटलं असतं तर मामा सुटले असते आणि मीही. पावसाळा होऊन गेला होता, गंजावर कुणीही विश्वास ठेवला असता. पण मामांनी पिन नाकाजवळ नेली होती.

"हे तर माजं त्याल," ते म्हणाले.

"हो."

"ह्यानं धरलं चाक?"

"हो."

"पर तूच सांगितलंतास की. टेम्पोखालनं."

"हो मामा."

त्यांनी पिन बोटांत फिरवली. मला वाटलं नोकरीचं काही बोलतील, शिवी देतील. मी शिवीची तयारी करून गेलो होतो.

"म्हंजे तीबी गंमतच हुती व्हय?" मामा म्हणाले. "आट-नऊ आमुशा घातलं रं मी. अंघुळ करून घालायचो. चाकाला सांगायचो, बाबा, संबाळ. माज्या मागं आण्णा बसत्यात, फुडनं पोरंबाळं जात्यात."

कोकरू पाला मागायला लागलं. मामांनी त्याला पाला दिला.

"एक कर," ते म्हणाले. "जितं बोललास तितं बोल. त्याच लोकांफुडं. मी येतो बुदवारी. माजं नाव तेवडं उचलून जागंवर ठेव, बास."

बुधवारी मामा आले. धुतलेलं धोतर, पिवळा पटका, दोन्ही पायांत चप्पल. मी युवराजला बोलावलं, आण्णांना फोन केला, आण्णा दोन व्यापाऱ्यांना घेऊन आले, तिसरा आजारी होता. दानेश्वरी गाडी घेऊन आली. मी चहा मागवला नाही. चहा आला की ह्या लोकांची हसायची तयारी होते. पण युवराजनं मागवलाच.

मी उभा राहिलो. चेहरा गंभीर ठेवला. तो तसाच असतो, इथंच चुकलं.

"आण्णा, जुलैत मी मामांच्या पायाबद्दल बोललो ते खोटं होतं," मी म्हणालो. "मामांची काही चूक नाही. चूक ह्या पिनेची आहे. पिन तेलानं आणि हळदीनं चिकटली."

"हळदीनं?" आण्णा म्हणाले.

"भंडाऱ्यानं. तेल घाला, भंडारा टाका, हे मामांना मीच सांगितलं होतं. वास घेऊन बघा."

पिन हातोहात फिरली. आण्णांनी वास घेतला. व्यापाऱ्यांनी घेतला. युवराजनं डोळे मिटून, मन लावून घेतला आणि म्हणाला, "मिरची कमी हाय."

झालं. पहिला व्यापारी वाकला, मग दुसरा, मग आण्णा. आण्णांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "अरे हा वीरेशा!" ते म्हणत होते, "आधी पाय, आता फोडणी! पुढच्या खेपेला गाडीतून पिठलंच काढून दाखव!"

"आण्णा, मी खरं सांगतोय."

माझा चेहरा जितका गंभीर होत होता तितका हशा वाढत होता. मी आवाज चढवला. मी शपथ घेतली. मी बिरोबाची, सिद्धेश्वराची, अप्पांची, एकेकाची शपथ घेत गेलो आणि दर शपथेला ते नव्यानं हसले. सव्वीस वर्षं मी ह्या लोकांना एकच गोष्ट शिकवली होती आणि ते नीट शिकले होते. फक्त दानेश्वरी हसत नव्हती. ती म्हणाली, "आण्णा, तो खरं बोलतोय. पिन निघाली तेव्हा मी तिथं होते." आण्णांनी हातानंच तिला थांब म्हणून खूण केली, त्यांना श्वास घेता येत नव्हता.

मामा शटरजवळ उभे होते. पटका सरळ, हात मागं.

आण्णांनी शेवटी डोळे पुसले. "बिडू, बिडू, सोड ते," ते म्हणाले. माणूस वाईट नाही. "येडू, झालं गेलं जाऊ दे. ये परत गाडीवर. चाक काय, पाय काय, तू चालव."

"न्हाय आण्णा," मामा म्हणाले.

"का रे?"

"तुमी मागं बसून हसत ऱ्हाणार. मागं कुणी हसाया लागलं की पाय कापतोय. मग खरंच ब्रेकवर जायचा."

यावरही एक व्यापारी हसला. मग इतर कुणी हसत नाही हे बघून त्यानं खोकल्याचं केलं.

आण्णा गेले. चहाचे ग्लास गेले. दानेश्वरीनं मामांना सोडायला येऊ का विचारलं, ते नको म्हणाले, एसटी हाय की. मी मामांसमोर उभा राहिलो आणि पहिल्यांदाच मला माझ्या चेहऱ्याचं काय करावं ते कळेना.

"सांगितलं मी मामा."

"सांगितलंस की. म्या ऐकलं." त्यांनी हात पुढं केला. "ती पिन दे. लागंल का तुला?"

"नाही. गाडीला नवी घातली."

"म्हाळसाला दावतो. तिला पटायला पायजे. रोज पाय चोळती, म्हंती, येडूबा, ह्यो पाय आसा न्हवता." त्यांनी पिन रुमालात गुंडाळली, रुमाल पटक्याच्या टोकात खोचला. "ती हसायची न्हाय."

मी त्यांच्याबरोबर सात रस्त्यापर्यंत गेलो. सातही बाजूंनी गाड्या येत होत्या आणि दुपारी दोन वाजता येतात तशाच वैतागून येत होत्या. मामा फुटपाथच्या कडेला थांबले. डावीकडं बघितलं, मग उजवीकडं.

सिग्नल लागला, समोरच्या गाड्या थांबल्या. मामांनी एकदा खाली आपल्या डाव्या पायाकडं बघितलं, आणि मग पाऊल टाकलं.